रुक्मिणीबाईंचा सोयर बंब

लग्नात रुसायचा हक्क वरपक्षाचा, हे तर शास्त्रच झालं. पण कशावरून रुसावं, याला काही शास्त्र नाही. कोणी वरणात मीठ कमी म्हणून रुसतो, कोणी आहेरातल्या टोपीवरून रुसतो. आणि डिसेंबरच्या थंडीत सकाळी सहाला आंघोळीचं पाणी गार निघालं, तर मात्र व्याह्यापासून करवलीपर्यंत सारे एकजुटीनं रुसतात. मेहकरच्या इंद्रभानभाऊंच्या मंगल कार्यालयात सव्वीस वर्षांत हा एवढा एक रुसवा कधी झाला नव्हता. त्याचं सारं श्रेय रुक्मिणीबाईंचं.

रुक्मिणीबाई या कार्यालयाच्या बंबवाल्या. नवरा तिथलाच चौकीदार. तो अचानक गेला, तेव्हा इंद्रभानभाऊंच्या वडिलांनी विचारलं, "बाई, काय काम करसान?" बाईंनी इकडंतिकडं पाहिलं. आचारी होता, झाडणारी होती, मांडववाला होता. बंबापाशी मात्र कोणी नव्हतं आणि तो नुसता धुमसत होता. "याले कोनी नाही वाटते," म्हणत त्या तिथं बसल्या, त्या बसल्याच.

बंब तांब्याचा, छातीइतका उंच. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. पऱ्हाट्यांनी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांनी, पेट घ्यायचा आणि बाभळीच्या लाकडानं धग धरायची. कोणत्या वऱ्हाडाला किती पाणी लागेल, हे रुक्मिणीबाई गाडीतून उतरणाऱ्या बाया मोजून सांगत. थर्मामीटर वगैरे भानगड नव्हती. बादलीत कोपर बुडवायचं आणि निकाल द्यायचा. पाण्याचे त्यांनी चार प्रकार पाडले होते. पहिलं लेकराचं, म्हणजे कोमट. दुसरं बायांचं. तिसरं हळदीचं, कारण हळद गार पाण्यानं निघत नाही, नुसती पसरते. आणि चौथं व्याह्याचं. ते इतकं कडक असे की व्याही न्हाणीघरात जाताना ज्या मुद्द्यावर चिडलेला असे, तो मुद्दा बाहेर येईस्तोवर विसरलेला असे. कित्येक सोयरिकी बाईंनी अशा वाचवल्या आणि कोणाला पत्ताही लागू दिला नाही.

लोक आपल्या पदव्या सांगतात, तसं बाई आपलं एकच वाक्य सांगत. "माह्या बंबावर एकबी नवरदेव थंड्या पान्यानं न्हाला नाही." हे त्या पोस्टमनलासुद्धा सांगत, आणि पोस्टमनचं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती.

तर यंदा दिवाळीनंतर इंद्रभानभाऊ बुलढाण्याला कसल्याशा बैठकीला गेले आणि येताना 'कार्बन' हा शब्द घेऊन आले. नवीन शब्द घेऊन आलेला मालक नवीन जावयासारखा असतो, चार दिवस घरात कोणाला सुचू देत नाही. भाऊंनी हिशोब मांडला. एका लग्नाच्या आंघोळींना छोटा हत्ती टेंपो भरून लाकूड. वर्षाला चाळीस लग्नं. म्हणजे दर वर्षी एक लहानसं जंगल व्याह्यांच्या अंगावरून वाहून गटारात जातं! त्यांनी तडकाफडकी ठरवलं की बंब बंद, आता गच्चीवर सूर्यावर चालणारं यंत्र बसवायचं.

रुक्मिणीबाईंनी व्यवस्थापकाला गाठलं. व्यवस्थापक धम्मरत्न. मराठीत एम. ए. झालेला, कार्यालयाच्या सगळ्या पाट्या स्वतः लिहिणारा आणि बोलतानाही पाटीच वाचतोय असं वाटणारा. बाईंशी मात्र घरच्यासारखं बोले.

"कार्बन म्हंजे काय बे धम्मा?"

"लाकूड जाळलं का धुरासंगं हवेत जाते, मावशी. त्यानं सारी दुनिया तापते. ऊन काऊन वाढलं इतकं?"

"माह्या बंबानं वाढलं?"

"तुमच्या एकटीच्या नाही. साऱ्यांच्या."

"मंग साऱ्यांचे बंद करा आधी. माहा शेवटी करू."

हा युक्तिवाद मोठमोठे देशही असाच करतात.

यंत्र आलं. बसवायला अकील आला. मलकापूरचा फिटर, बोलायला गोड, चहाला नाही न म्हणणारा. चौघांनी मिळून टाकी गच्चीवर चढवली, खाली काचेच्या पन्नास काळ्या नळ्या तिरप्या लावल्या. अकील त्याला सोलर म्हणे. इंद्रभानभाऊ मशीन म्हणत. आणि धम्मरत्ननं पाटी लिहिली, 'सौर उष्णजल संयंत्र', आणि तो येता-जाता त्याला 'सौर' म्हणू लागला. रुक्मिणीबाईंना अक्षर येत नव्हतं. तिघांत शिकलेला धम्मा, तेव्हा त्याचाच शब्द खरा, असं त्यांनी मानलं. फक्त तो त्यांच्या कानात शिरला तो 'सोयर' होऊन. लेकरू जन्मलं की घरात दहा दिवस पाळतात, ते सोयर. बाईंना नाव जरा विचित्र वाटलं. पण आजकाल लोक दुकानांना, गाड्यांना काय काय नावं देतात, त्यात हे एक.

दुसऱ्या संध्याकाळी अकीलनं तोटी सोडली तर वाफाळतं पाणी! इंद्रभानभाऊ लहान पोरासारखे टाळ्या पिटू लागले. बाईंनी कोपर बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं, कारण पाणी सरळ व्याह्याचं होतं.

"येत्या रविवारचं लग्न यावर निभलं का बंब भंगारात," भाऊंनी जाहीर केलं. पऱ्हाट्या, बाभळीची लाकडं त्यांनी त्याच दिवशी वाटून टाकली.

"अन् मी?" बाईंनी विचारलं.

इंद्रभानभाऊंनी मोबाईल काढून त्यात पाहिलं. मोबाईल वाजला नव्हता. "पाहू," ते म्हणाले, "तोवर जपा याले. काच हाय, तडकली तर कठीन." बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. भंगारात काय काय जाणार, ते त्यांना नीट समजलं होतं.

पण बाई कामाला चोख. जपा म्हटलं म्हणजे जपायचं, मग वस्तू सवतीची का असेना. शुक्रवारी त्या गच्चीवर गेल्या. पाहतात तर काय, एवढी नवीकोरी काच रणरणत्या उन्हात उघडी! ज्या मुलखात माणूस स्कूटरची सीट तापू नये म्हणून तिच्यावर पोतं टाकतो आणि पाहुण्याआधी पाहुण्याची गाडी लिंबाखाली लावतो, तिथं हे कोणाला पाहवेल? बाईंनी मांडववाल्याची हिरवी जाळी आणली, चौपदरी केली आणि यंत्रावर चारी बाजूंनी अशी घट्ट बांधली की वारासुद्धा विचारून आत जावा. मग खाली येऊन त्यांनी समाधानानं पान खाल्लं.

शनिवारी संध्याकाळी वऱ्हाड आलं. थेट संग्रामपूरकडचं, दोन ट्रॅव्हल्स भरून. नवरदेव दीपक, शांत मुलगा, विचारल्याशिवाय न बोलणारा. त्याला कोणी विचारतही नव्हतं, कारण साऱ्याचा कारभार त्याची आत्या सिंधूताई हिच्या हाती. सिंधूताई म्हणजे त्या घराचं हायकोर्ट. त्यांच्यावर अपील नाही.

रविवारी उजाडता उजाडता सिंधूताईच तांब्या घेऊन पहिल्या न्हाणीघराकडं आल्या. बाई तोट्यांपाशी पहारा देत बसल्या होत्या.

"काय वं बाई, बंब तर गार दिसून राह्यला. पानी कसं?"

"बंब बंद केला मालकानं," रुक्मिणीबाई तुटक बोलल्या. "आता इथं सोयर हाय."

सिंधूताईंचा तांब्या हवेतच थांबला. "सोयर? कधीपासून?"

"आठ दिस झाले."

"म्हंजे अजून फिटलं नाही!"

"फिटलं ना. चार जन लागले फिट कराले."

"अवं माय! कोनाचं हाय?"

"इंद्रभानभाऊचं."

"या वयात?" सिंधूताईंनी तोंडाला पदर लावला. "अन् हाय कुठं ते?"

"वरतं, गच्चीवर. आडवं निजवलं हाय."

"या थंडीत गच्चीवर?"

"तिथंच ठेवा लागते म्हने. पन्नास नळ्या लावल्या हाय त्याले."

"पन्नास! वाचते का नाही वं?"

"धा-पंधरा वर्सं टिकते म्हने तो अकील."

"डाक्टर हाय का अकील?"

"नाही, फिटर हाय."

सिंधूताई तिथून निघाल्या त्या वाऱ्यासारख्या. पुढच्या दहा मिनिटांत ही बातमी कार्यालयभर फिरली, आणि फिरताना तिनं वाटेत भेटेल ते अंगावर घेतलं. बायांच्या खोलीत सोयर मालकाच्या घरी होतं. जिन्याशी ते नवरीच्या चुलत्याकडं गेलं. पुरुषांच्या दालनात पोचलं तेव्हा ते थेट नवरीच्या घरात शिरलं होतं. दीपकला अंगभर हळद लावून पाटावर बसवलं होतं. त्याच्या कानावर आलं, की गच्चीवर एक आठ दिवसांचं लेकरू नळ्या लावून ठेवलंय आणि ते नवरीकडचं कोणाचं तरी आहे, पण कोणी सांगत नाही. बिचारा हळदीखाली पांढरा पडला. व्याही म्हणाले, सोयरात लग्न लागत नाही. नवरीचा बाप म्हणाला, कसलं सोयर? व्याही म्हणाले, आता कसलं म्हणता? ट्रॅव्हल्सवाल्यानं गाडी सुरू करून ठेवली.

आरडाओरडा ऐकून धम्मरत्न धावत आला. त्याला प्रकरण कळायला पाच मिनिटं लागली आणि कळल्यावर पुढची दोन मिनिटं तो भिंतीला टेकून नुसता हसत होता. मग त्यानं पाटीच उचलून आणली.

"आत्याबाई, सोयर नाही. सौर! सूर्याचं ते सौर. सूर्यानं तापोलेलं पानी हाय हे."

सिंधूताईंनी पाटीकडं पाहिलं, गच्चीकडं पाहिलं, धम्मरत्नकडं पाहिलं. "मंग सूर्याचं म्हना ना बापा! शुद्ध बोलाच्या नादी माणसाले सोयरात घालता." पण हायकोर्टाचा निकाल फिरला, की पुरताच फिरतो. क्षणभरानं त्यांचे हात आपोआप जोडले गेले. "म्हंजे खुद्द सूर्यनारायनानं तापोलं? वं पोरीहो! करा आंघोळी! सूर्यनारायनाचं पानी हाय!"

झालं. थंडीनं दुलईत दडलेलं अख्खं वऱ्हाड बादल्या घेऊन धावलं. ज्यांच्या आंघोळी झाल्या त्यांनी पुन्हा केल्या. ट्रॅव्हल्सवाल्यानं गाडी बंद केली आणि तोही नंबराला लागला. रुक्मिणीबाईंनी पहिल्या बादलीत कोपर बुडवलं आणि त्या चमकल्या. पाणी जेमतेम लेकराचं होतं. कडक पाण्यात निम्मं गार मिसळावं लागतं, म्हणून ते पुरतं. हे कोमट पाणी लोक तसंच्या तसं उपसत होते. बाई ओरडून ओरडून थकल्या, पण पुण्य फुकट मिळत असलं की कोण थांबतो? पाऊण तासात पाचशे लिटरची टाकी आटली आणि तोटीतून बर्फासारखं पाणी आलं.

न्हायचा राहिला एकच. पाटावर, हळदीत, थरथरणारा नवरदेव.

धम्मरत्ननं हिटर रॉड आणला, तो लावला आणि लाईन गेली. मग तो आचाऱ्याकडं गेला. आचारी म्हणाला, "गॅसवर भात हाय. भात उतरवू का नवरदेव चढवू?" तेवढ्यात इंद्रभानभाऊ आले. त्यांनी तोटीखाली हात धरला, झटकन मागं घेतला आणि सगळ्यांसमोर अकीलला फोन लावला. काय ते बोलले! फसवलं, डबडं दिलं, आजच्या आज उचलून ने, साऱ्या जिल्ह्यात सांगतो तुझं काम कसं ते. फोन ठेवून ते वळले. "मावशी, तुमचंच खरं. अर्ध्या घंट्यात लाकडं आनतो. पेटवा बंब! हे मशीन काही कामाचं नाही."

आता सांगा, देवानं आणखी काय द्यायचं असतं माणसाला? रुक्मिणीबाईंनी काही करायचं नव्हतं. गप्प बसायचं, एवढंच. बंब वाचला होता, जागा वाचली होती, आणि मालकानं चारचौघांत 'तुमचंच खरं' म्हटलं होतं, जे तो बायकोलाही म्हणत नसे.

तेवढ्यात धम्मरत्नचा फोन वाजला. अकीलच होता, धम्मरत्ननं आवाज मोठा केला. "भाई, मैंने खुद देखा था, वाफ निकल रही थी. ऐसा हो ही नहीं सकता. ऊपर देखो, किसी ने कुछ ढाका तो नहीं? ऊन नाही भेटलं तं ते काय करीन बिचारं?"

बाईंनी गच्चीकडं पाहिलं. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या हातचा चहा पिऊन 'मौसी, ऐसी चाय मलकापूर में नहीं' म्हणणारं पोट्टं, त्याच्या नावाला बट्टा लागत होता, आणि लावणारी चौपदरी जाळी वर बांधलेली होती. त्यांना स्वतःचाच राग आला. आपण काम चोख केलं म्हणून दुसऱ्याचं काम खोटं ठरावं, हा कुठला न्याय?

"म्या ढाकलं," त्या म्हणाल्या.

सगळे वळले.

"उन्हानं काच तडकंन म्हून जाळी बांधली. चौपदरी. त्याचा काही गुन्हा नाही. मशीनचा बी नाही. माहा हाय."

इंद्रभानभाऊंचं तोंड उघडं ते उघडंच. "मावशी! उन्हावर चालनाऱ्या मशीनवर सावली केली?"

"मले कोनी सांगतलं होतं का ते उन्हावर चालते? जपा म्हने! जपलं!"

धम्मरत्ननं मान खाली घातली. यंत्राचं नाव त्यानं पन्नास वेळा सांगितलं होतं, ते चालतं कसं हे एकदाही नाही.

"जाऊ द्या, लाकडं आना," भाऊ म्हणाले. पण सिंधूताई मध्ये आल्या. "खबरदार! साऱ्या वऱ्हाडानं सूर्यनारायनाचं घेतलं, अन् माहा दीपक तेवढा धुराच्या पान्यानं न्हाईन? थो तिथंच बसंन. सोडा वं बाई जाळी!"

बाई दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेल्या. जाळीच्या गाठी त्यांनीच मारलेल्या, त्यामुळे सुटता सुटेनात. शेवटी विळ्यानं कापल्या. काचेवर ऊन पडलं. फोनवरून अकीलनं सांगितलं तसं टाकीतलं गार पाणी काढून थोडंच ठेवलं, कारण थोडं पाणी लवकर तापतं. मुहूर्त साडेबाराचा. साडेआठपासून रुक्मिणीबाई टाकीपाशी मांडी घालून बसल्या. खाली दीपक भजं पिठात घोळवावं तसा पाटावर. दर दहा मिनिटांनी सिंधूताई अंगणातून हाक मारत, "तापलं का वं?" आणि वरून उत्तर येई, "ऊन हाय, चूल नाही! दमानं घ्या!" एकदा एक ढग आला. बाईंनी त्याला अशा शिव्या दिल्या की तो लोणारकडं निघून गेला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी कोपर बुडवलं. थोडं थांबल्या. पुन्हा बुडवलं. मग बादली घेऊन स्वतः खाली आल्या आणि दीपकच्या डोक्यावर पहिला तांब्या स्वतःच्या हातानं ओतला. पोरानं डोळे मिटले आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला. "आहाहा."

लग्न वेळेवर लागलं. जेवणं झाली, मानपान झाले, आणि व्याही एकदाच रुसले, तेही आइस्क्रीमवरून, म्हणजे रुक्मिणीबाईंच्या खात्याबाहेर. निघताना सिंधूताईंनी इंद्रभानभाऊंना बजावलं, "तुमच्या सूर्यापरीस या बाईले जपा. आज ह्या गच्चीवर बसल्या नसत्या, तं माहा दीपक अजून हळदीतच असता." भाऊंनाही ते सकाळपासून कळत होतंच. पाणी तापवायला सूर्य आहे, पण कोणाला किती आणि केव्हा द्यायचं, हे काही त्याला कळत नाही. "मावशी," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी दोन लग्नं हाय. किती बादल्या पुरतीन, तुम्हीच पाहा." मोबाईल त्यांनी या वेळी काढला नाही.

पाच वाजता वऱ्हाड गेलं. अंगणात अक्षता, फुलं आणि उलट्या खुर्च्या उरल्या. रुक्मिणीबाई सवयीनं न्हाणीघरं धुवायला गेल्या, तोटी सोडली आणि ओरडल्या. हात भाजला होता.

"धम्मा! हे पानी कोनासाठी तापलं?"

"कोनासाठीच नाही, मावशी. दुपारपासून टाकी भरेल हाय. ऊन होतं, तापलं."

"आता कोनाले पाह्यजे?"

"कोनालेच नाही. सकाळपर्यंत गार होईन."

बाईंनी तोटी पुन्हा सोडून पाहिली. कोणाचंही नसलेलं गरम पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. बंबाची गोष्ट वेगळी. तिथं काडी न् काडी कोणाच्या तरी नावची असे, आणि वऱ्हाड आटोपलं की जाळ विझवायचा. मग उरलेल्या राखेनं हात घासून बाई नळाच्या गार पाण्यानं दोन तांब्यात आंघोळ उरकत. सव्वीस वर्षं. स्वतःसाठी एक लाकूड घालावं, असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांच्याही मनात आलं नव्हतं.

त्यांनी वरपक्षाच्या न्हाणीघराचं दार उघडलं, आत गेल्या आणि कडी लावली. पहिला तांब्या पाठीवर घेतला आणि त्या एकदम खालीच बसल्या. आधी हसू आलं, मग डोळे भरले, आणि मग सणसणीत राग आला. इतकं सुख होतं हे, आणि आपण ते सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर ओतत राहिलो!

बाहेर धम्मरत्ननं खुर्च्या रचल्या, अंगण झाडलं, दिवे लावले. अर्धा तास झाला. त्यानं दारावर टकटक केली.

"मावशी, झालं का? कुलूप लावाचं हाय."

आतून तिसऱ्या बादलीत पाणी पडत असल्याचा आवाज आला.

"थांब बे," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "कोनाचंच नाही ना हे? मंग थांब."